मेदावरचा उतारा : गुग्गुळ आणि व्यायाम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय ‘अष्टौनिन्दितीय’ या नावाने ओळखला जातो. लोक ज्यांना नावे ठेवतात अशी आठ प्रकारची शरीरे त्यात मोजली आहेत: फार उंच, फार ठेंगणे, अंगभर केस असलेले, मुळीच केस नसलेले, फार काळे, फार गोरे, फार लठ्ठ आणि फार कृश. यांपैकी वैद्याचे काम पडते ते शेवटच्या दोघांशी, असे मानून ग्रंथकार बाकीचे सहा बाजूला ठेवतो. लठ्ठ आणि कृश यांतही कृश बरा, कारण लठ्ठ माणसावर उपचार करणे अधिक अवघड, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. पुढे तो स्थौल्याचे आठ दोष देतो. त्यांत दुर्बलता, दुर्गंधी, घामाचा त्रास, अनावर भूक आणि तहान हे तर आहेतच. पण यादीत पहिला मान आयुष्य घटण्याला आहे आणि दुसरा हालचाल मंदावण्याला. आजचा वार्धक्यतज्ज्ञही हाच क्रम लावील.

कारणे सांगतानाही चरकाची नजर चौफेर आहे. जड, गोड, थंड आणि स्निग्ध अन्नाचा अतिरेक, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे आणि कसलीही चिंता नसणे यांच्या जोडीला तो ‘बीजस्वभाव’ म्हणजे आईबापांकडून आलेला कलही नोंदवतो. लठ्ठपणा हा निव्वळ खादाडपणाचा परिणाम आहे, असे त्याने म्हटलेले नाही. रोगाची घडण त्याने अशी मांडली आहे: सगळे पोषण मेदाकडेच वळते आणि बाकीचे धातू उपाशी राहतात; मेदाने वाटा अडल्या की वायू कोठ्यात घुटमळतो आणि अग्नीला फुंकर घालतो; अग्नी भडकला की भूक वाढते आणि खाल्लेले पुन्हा मेदातच जाते. एकदा सुरू झालेले हे चक्र आपोआप थांबत नाही, म्हणून रोग कठीण.

या चक्राला अडवायचे तर अन्न पोटाला जड, भूक भागवणारे, पण अंगी न लागणारे हवे. त्यासाठी जव, मध, ताक, मूग, कुळीथ, आवळा अशी पथ्याची यादी येते. त्रिफळा, गुळवेल, नागरमोथा, वावडिंग, लोहभस्म आणि शिलाजित ही औषधे येतात. आणि शेवटी जागरण, व्यायाम व चिंतन हळूहळू वाढवीत नेण्याचा सल्ला येतो. ‘हळूहळू’ हा शब्द त्या सल्ल्याचा गाभा आहे.

सुश्रुतसंहिता व्यायामाविषयी याहून मोकळेपणाने बोलते. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात दिनचर्या सांगताना सुश्रुत म्हणतो की स्थौल्य कमी करणारे व्यायामासारखे दुसरे काहीही नाही. आणि जो व्यायाम करतो त्याच्यावर म्हातारपण एकाएकी चाल करून येत नाही. मेद आणि जरा यांचा एकत्र विचार तिथे दोन-तीन श्लोकांत झालेला आहे. मात्र व्यायाम आपल्या बळाच्या निम्माच करावा. श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला की अर्धे बळ संपले, ही त्याची खूण. वय, ताकद, शरीर, देश, काळ आणि आहार पाहूनच मात्रा ठरवावी, नाहीतर रोग व्हायचा, अशी ताकीदही लगेच पुढे दिलेली आहे. वैद्यकाच्या इतिहासात व्यायामाला औषधासारखी मात्रा लावून देणारे इतके जुने आणि इतके नेमके लेखन थोडेच सापडते.

प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या मूत्रविकाराच्या, चिकित्सेत तर सुश्रुत गरीब रोग्याला औषधाचा खर्च सांगतच नाही. अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असा त्याचा उपाय आहे. नाहीतर विहीर खणावी. कृश रोग्याला मात्र असे दमवायचे नाही, त्याला जपायचे. प्रमेहाचे स्थूल आणि कृश असे दोन रोगी वेगळे ओळखण्याची ही दृष्टी आधुनिक मधुमेहशास्त्राला पुन्हा कमवावी लागली.

याच सुश्रुतसंहितेत मेदावरच्या द्रव्यांमध्ये गुग्गुळ ठळकपणे आला. कच्छ, मारवाड आणि सिंधच्या कोरड्या जमिनीवर वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाच्या सालीला चीर दिली की जो डिंकासारखा स्राव पाझरतो आणि वाळतो, तो गुग्गुळ. सुश्रुताने त्याचे दोन स्वभाव सांगितले: नवा गुग्गुळ अंग भरणारा, जुना गुग्गुळ मेद खरवडून काढणारा. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाने त्याच्या पाच जाती दिल्या आहेत, महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य. त्यांतल्या पहिल्या दोन हत्तींसाठी, पुढच्या दोन घोड्यांसाठी आणि सोनेरी हिरण्य माणसांसाठी. दरबारी पागेतल्या जनावरांचे वैद्यक आणि माणसाचे वैद्यक किती जवळजवळ चालत होते, ते या विभागणीवरून कळते.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. माधवनिदानाने मेदाच्या विकाराला स्वतंत्र अध्याय दिला आणि तो स्वतंत्र रोग म्हणून स्थिरावला. त्याच सुमारास आणि त्यानंतर गुग्गुळाचे तयार कल्प रूढ झाले. चक्रदत्तासारख्या ग्रंथांत येणारा नवक गुग्गुळ त्यांतला विशेष: सुंठ, मिरे, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, चित्रक आणि वावडिंग ही नऊ द्रव्ये आणि त्यांच्याइतकाच गुग्गुळ. हा कल्प मेद, कफ आणि आमवात या तिन्हींपासून होणाऱ्या व्याधींवर चालतो असे सांगितले आहे. सांधे सुजवणारा आमवात आणि पोट सुटवणारा मेद यांच्यावर वैद्य एकच गोळी देत होते. यावरून आज माहीत असलेला चरबीतला दाह प्राचीनांना ठाऊक होता असा निष्कर्ष काढणे अतिरेकाचे होईल. त्यांची आमाची, म्हणजे न पचलेल्या अन्नरसाची, कल्पना वेगळी, तिची बैठक पचनाची. परंतु सुजलेला सांधा आणि वाढलेला मेद एकाच माणसात वारंवार भेटतात, हे निरीक्षण त्यांच्या हाती पक्के होते.

महाराष्ट्रात गुग्गुळ धुपासाठी घरोघर आला आणि औषधासाठी काष्ठौषधींच्या दुकानांतून वैद्यांकडे गेला. त्रिफळ्याच्या काढ्यात शोधून, तुपाचा हात लावून, लोखंडी खलात तो कुटायचा. लाख घाव बसले पाहिजेत, अशी रीत सांगितली जाई. १८७२ मध्ये पनवेलला सुरू झालेल्या धूतपापेश्वरसारख्या कारखान्यांनी हे कुटणे यंत्रावर नेले आणि योगराज, त्रिफळा, मेदोहर असे गुग्गुळ बाटलीत भरून दुकानात ठेवले. इथे एक मोठा बदल घडला. वैद्याच्या घरी औषधाबरोबर पथ्य आणि मेहनत यांची सूचना मिळे. बाटलीबरोबर फारतर एक चिठ्ठी मिळू लागली.

व्यायामाची वाट महाराष्ट्रात निराळी होती. तालमीतल्या पैलवानाला मेद झडवायचा नव्हता, अंग भरायचे होते. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण हा त्याचा खुराक. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेल्या म्हशीच्या धारोष्ण दुधाचे पेले अजूनही रिकामे होतात. पण हा खुराक हजारांच्या घरातल्या जोर-बैठकांच्या हिशेबाने बांधलेला असतो. तालीम सुटली आणि जेवण तसेच राहिले की तोच पैलवान पन्नाशीत पोट सुटलेला, गुडघे धरून बसलेला दिसतो. वस्तादांना हे ठाऊक असते. खुराक आणि मेहनत एकमेकांपासून तोडली की खुराकच बाधतो, हा तालमीचा अनुभव या सगळ्या इतिहासात मोलाचा आहे, कारण पूरक द्रव्यांचा आधुनिक बाजार नेमकी हीच तोडणी करतो.

निरोगी, मध्यमवयीन, बैठ्या कामाच्या माणसाला व्यायाम हवा, हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आधी पाश्चात्त्य व्यायामपटू सँडो याच्या पद्धतीने कसरत करीत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरण आणि दाबमापकांनी मोजायला घेतले. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. ही मंडळी श्रद्धेने काम करीत होती. पण मोजून दाखवण्याची ओढ त्यांच्यात होती, आणि ती ओढ पुढे कामी आली.

पाश्चात्त्य वैद्यकात व्यायामाच्या बाजूचा मोठा पुरावा १९५३ मध्ये आला. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० पुरुषांची पाहणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. दुमजली बसच्या जिन्यावरून दिवसभर खाली-वर करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी चालवणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला. पुढे चालकांचे गणवेशच मुळात अधिक घेराचे होते असे लक्षात आले आणि मॉरिस यांनी तीही बाब जाहीरपणे मांडली. चरबी आधी की बसणे आधी, हा प्रश्न त्यामुळे उघडा राहिला. पण हालचाल हा संशोधनाचा विषय झाला.

दाहाचा धागा स्वतंत्रपणे विणला जात होता. १८७६ मध्ये जर्मन वैद्य विल्हेल्म एब्स्टाइन यांनी सोडियम सॅलिसिलेट दिल्यावर मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर उतरते असे नोंदवले. दाहावरचे औषध मधुमेहावर का चालावे, हे सव्वाशे वर्षे कोडे राहिले. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन सापडले. आज हेच प्रथिन शरीरातला मंद दाह मोजायला वापरतात. पण चरबी म्हणजे साठवणीचे निर्जीव कोठार, अशीच समजूत दीर्घकाळ होती. ती १९९३ मध्ये मोडली. गोकान होतामिश्लिगिल, ब्रूस स्पीगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारे प्रथिन बाहेर पडते आणि ते इन्सुलिनचे काम बिघडवते, असे दाखवले. पुढच्याच वर्षी जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने चरबीतून निघणारे लेप्टिन शोधले. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी लठ्ठपणात चरबीच्या पेशींभोवती मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गर्दी करतात हे सिद्ध केले. ताणून फुगलेल्या आणि मरणाऱ्या मेदपेशी या भक्षकांना बोलावतात. ते टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ असे संदेश सोडतात. आणि जंतूशिवायच शरीर थोडे थोडे पेटत राहते. पोटाच्या आतल्या, आतड्यांभोवतीच्या चरबीत हे सर्वांत जास्त घडते.

याच सुमारास, २००० मध्ये, इटलीतल्या बोलोन्याचे क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी वार्धक्याशी चिकटलेल्या मंद, दीर्घ दाहाला स्वतंत्र नाव दिले. वय वाढते तशी हातापायांच्या कातडीखालची चरबी घटते आणि पोटात जमते, स्नायू झिजतात, जुन्या पेशी मरण्याऐवजी तशाच राहून दाहाचे संदेश सोडतात. लठ्ठपणा हीच प्रक्रिया आधीपासून सुरू करून देतो. लठ्ठपणा आयुष्य घटवतो, या चरकाच्या पहिल्या दोषाला आता पेशींच्या पातळीवरचे स्पष्टीकरण मिळाले.

महाराष्ट्रासाठी या शोधांना खास अर्थ आहे. २००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपले एकत्र छायाचित्र छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी लपलेली असते, हे त्या एका पानाने जगाला पटवले. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांवर आणि बालकांवर याज्ञिकांच्या गटाने केलेल्या दीर्घ अभ्यासात तर कमी वजनाच्या अर्भकातही ही ठेवण आढळली. चरकाचा बीजस्वभाव इथे नव्या रूपात भेटतो. भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ वरच जादा वजन आणि २५ वर लठ्ठपणा मानावा, या निकषाला अशाच निरीक्षणांचा आधार आहे.

गुग्गुळाची आधुनिक कथा काशीत सुरू झाली. बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी मेदोरोगाचे संस्कृत वर्णन वाचून त्यात आजच्या धमनीकाठिण्याचे साम्य पाहिले आणि सशांवर गुग्गुळाचा प्रयोग केला. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधानुसार जादा कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या सशांत गुग्गुळाने रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले. जुन्या ग्रंथातले विधान घ्यायचे, त्यातून तपासता येईल असा प्रश्न काढायचा आणि प्रयोगाला उभे राहायचे, ही त्यांची पद्धत आयुर्वेदाच्या संशोधनात आदर्श ठरावी अशी आहे. सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाचा प्रमाणित अर्क तयार केला आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘गुग्गुलिपिड’ कोलेस्टेरॉलवरचे औषध म्हणून भारतात विक्रीला आले. तिथून तो अमेरिकेत पूरक आहार म्हणून गेला. २००२ मध्ये ‘सायन्स’मधल्या एका शोधनिबंधाने गुग्गुलस्टेरोन हे द्रव्य यकृतातल्या पित्ताम्लांच्या एका ग्राहकाला रोखते असे दाखवले, आणि अपेक्षा शिगेला पोहोचली.

पुढच्याच वर्षी धक्का बसला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ लोकांवर आठ आठवडे चाचणी घेतली. गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे घातक एलडीएल कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडे वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. भारतीय चाचण्यांत दिसलेला गुण इथे दिसला नाही. आहार, वंश, अर्क बनवण्याची रीत असे अनेक खुलासे झाले, वादही झाले. त्या वादात एक बाब बहुधा मागे पडली: सुश्रुताने गुग्गुळ कधीच एकटा दिला नव्हता. जव-मुगाचे अन्न, निम्म्या बळाचा व्यायाम आणि वर्षानुवर्षे जुना केलेला गुग्गुळ हा त्याचा एकत्र विधी होता. अर्थात अशा विधीची तपासणी करणे फार अवघड. पण तपासले गेले ते वेगळेच काहीतरी, हे मान्य करायला हवे.

हळदीच्या वाट्यालाही असेच आले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले, तेव्हा रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. त्या लढ्याने हळदीचे नाव जगभर झाले आणि तिच्यातल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल खपू लागल्या. प्रयोगशाळेतल्या पेशींत कर्क्युमिन दाह शमवते; पण ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, म्हणून त्यात मिऱ्यातले पायपरिन घालतात. माशांच्या तेलाची कहाणी ग्रीनलंडमधून निघाली. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी तिथल्या इनुइट लोकांच्या रक्तातली मेदाम्ले तपासली आणि ओमेगा-३ प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘व्हायटल’ या चाचणीत २५,८७१ वयस्क अमेरिकनांना ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्व देऊन पाहिले. हृदयविकाराच्या मोठ्या घटना एकत्र मोजल्या तेव्हा दोहोंपैकी एकानेही ठोस घट दाखवली नाही.

सातपुडा आणि मेळघाटातल्या सालईचा डिंक गुग्गुळाच्या नावाने आणि त्याच्या जागीही विकला जातो. त्यातली बॉस्वेलिक आम्ले दाहाची एक साखळी तोडतात. नागपुरात गुडघेदुखीच्या ३० रुग्णांवर केलेली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी सालईच्या बाजूने गेली. संख्या लहान, पण विदर्भाच्या जंगलातल्या झाडाचे हे मोल नोंदवण्याजोगे आहे.

व्यायामाचे काय झाले? कोपनहेगनमध्ये बेंते पेडरसन यांच्या गटाने २००० च्या आसपास दाखवले की आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडतो. चरबीतून सतत झिरपणारे इंटरल्यूकिन-६ दाहाचे लक्षण. स्नायूतून व्यायामापुरते उसळणारे तेच द्रव्य दाह शमवणाऱ्या संदेशांना पुढे बोलावते. स्नायू हा संदेश धाडणारा अवयव आहे ही कल्पना त्यातून आली. त्याआधीच, १९९० मध्ये, बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे वजने उचलायला लावली तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती.

तरीही व्यायामाचा पुरावा सरळ रेषेत जात नाही. गुडघेदुखीच्या ३१६ लठ्ठ वृद्धांवरची १८ महिन्यांची अमेरिकन चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात आहार कमी करून वजन उतरवलेल्यांच्या रक्तातले दाहाचे निदर्शक घटले, नुसत्या व्यायामाने ते विशेष हलले नाहीत. उलट नुसता आहार घटवला तर म्हातारपणी चरबीबरोबर स्नायू आणि हाडेही झिजतात. डेनिस विलारिअल यांच्या गटाने २०११ आणि २०१७ मध्ये लठ्ठ वृद्धांवर केलेल्या चाचण्यांनी याचा निवाडा केला: आहार आणि व्यायाम एकत्र असताना शरीराची कार्यक्षमता सर्वाधिक सुधारली, आणि व्यायामात चालणे व वजने उचलणे दोन्ही असताना त्याहून अधिक. चरकाने एकाच अध्यायात जव, मूग आणि व्यायाम शेजारी ठेवले होते.

गुग्गुळाला मात्र औषध आणि पूरक आहार म्हणून वाढलेल्या मागणीची किंमत मोजावी लागली. झुडूप स्राव देण्याजोगे व्हायला अनेक वर्षे लागतात. जास्त उतारा मिळावा म्हणून खोल चिरा दिल्या आणि त्यांत रासायनिक लेप भरला की एकाच हंगामात भरपूर गुग्गुळ निघतो आणि झुडूप वाळून जाते. कच्छ आणि राजस्थानातली जंगली झुडपे अशी झपाट्याने गेली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात आता अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे, आणि गुजरात व राजस्थानात तिची लागवड व उथळ चिरेची पद्धत शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत.